टिचकी

पहिला पाव विटेसारखा झाला.
विटेसारखा म्हणजे खरोखरच:
शिफानं तो मागच्या दाराला टेकवला
आणि दार आपटायचं थांबलं.
चार दिवस तिथंच होता,
मुंग्यासुद्धा वळसा घालून गेल्या.

नंतर पाणी जास्त झालं.
मग एकदा खमीर मेलं, मीच मारलं,
दूध कडकडीत ओतून.
सव्वीस वर्षं वॉर्डात
बाळांच्या बाटलीचा थेंब मनगटावर टाकून बघितला,
आणि स्वतःच्या ओट्यापाशी एवढी घाई.

खपलीचंही पीठ घालून पाहिलं,
चुलत जावेनं खिरीसाठी पाठवलेलं, घरात होतं म्हणून.
रात्रभर ओल्या फडक्याखाली ठेवलं.
सकाळी ड्यूटीवरून येऊन बघते,
तर जिथं बसवलं तिथंच बसलेलं,
मानपान राहिलेल्या पाहुण्यासारखं.

सालोमी सिस्टर रिटायर होताना
लॉकर रिकामा करता करता म्हणाल्या होत्या,
पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ हवं, बस्स.
तेव्हापासून एक हात पिठात, एक कानाला.
बेड नंबर नऊच्या आजी म्हणाल्या,
सिस्टर, कानाला चुना लागलाय.

कॅलेंडरच्या मागं तक्ता आखला:
वेळ, पाणी, ताप.
पिठाचा ताप. मुबीन वाचून हसला,
पण ओव्हनचे हप्ते तोच भरतो,
म्हणून मी काही बोलले नाही.

खाली दुकानात अब्बा भोपळे वाजवत असतात.
सितारीला लागेल की बंबात जाईल
ते मधल्या बोटाच्या टिचकीवर ठरतं.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय,
माझ्याच दवाखान्यात ऑपरेशन होईल म्हटलं
तर म्हणतात, मला कानानं दिसतं.
माझा पाव त्यांनी कधी तोंडात घातला नव्हता.
चहाबरोबर खारी.
स्टेशनरोडची. तीच.

त्या शुक्रवारी पाव लाल झाला, चकाकत होता,
मी सुरी घेतली
आणि अब्बांनी हात पुढं केला.
पाव उलटा धरला. कानाशी नेला.
टिचकी.
गिऱ्हाईक समोर असल्यासारखे थांबले.

ओला आहे.

वरून बघा की अब्बा, किती छान...

वरून भोपळापण वाळतो, बेटा.
आत बी चिकटलेलं असतं.

परत आत ठेवला. दहा मिनिटं.
टिचकी. अजून.
शिफा स्टुलावर बसून आकडे मोजत होती,
एकशे ऐंशीला लाइट गेली.
मिरजेत लाइट गेली की आधी पंखे गप्प होतात,
मग गल्लीतून कुणाची तरी जुळवलेली तार ऐकू येते.
ती त्या दिवशीही आली.
बंद ओव्हनच्या उरल्या उबेत
पाव आपला आपण शिजत राहिला.

अब्बांनी पुन्हा वाजवला,
आणि काही न बोलता आणखी एकदा.
दुसरी टिचकी ते सगळ्या भोपळ्यांना देत नाहीत.

खाल्ला. एक कोपरा जळलेला.
मीठ कमी आहे, म्हणाले.

पुढचा मी एकटीनंच वाजवला.
पोकळ वाटला, शपथेवर वाटला,
कापला तर आत लगदा.
सव्वीस वर्षं स्टेथोस्कोप लावून
छातीतली घरघर ऐकली मी,
पण पावातलं ओल मला अजून ऐकू येत नाही.

म्हणून आता टॉवेलात गुंडाळते
आणि तेरा पायऱ्या उतरते,
बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना
बाळ दाखवायला नेतात तशी.
धारवाडचा कुणी सितारवाला
खुर्चीत ताटकळत असतो,
मांडीवर त्याची सितार, तारा काढलेली.
अब्बा त्याला म्हणतात, जरा थांबा,

आणि मान वाकडी करून
माझ्या पावाला कान लावतात.